पदवी करमुक्त, क्लास करपात्र

शिकून काय उपयोग, या प्रश्नाचं उत्तर सरकारने 2017 सालीच देऊन ठेवलंय. कुणी नीट वाचलं नाही, एवढंच. जीएसटी हा मूल्यवर्धनावरचा कर. मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षणाला तो माफ, कोचिंग क्लासच्या फीवर मात्र 18 टक्के. मूल्य नेमकं कुठे वाढतं, याबद्दल सरकारच्या मनात तरी शंका नाही.

पदवीनंतर नोकरी लागलीच, तर पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ अशी एक ओळ दिसते. व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. महिना सगळ्यात लहान, कापणी सगळ्यात मोठी! वर्षाला 2500च्या वर जायचं नाही, हे घटनेच्या 276व्या कलमाने बांधून दिलेलं. त्यामुळे पंधरा हजारांवर राबणारा इंजिनीअर आणि कोटींत पगार घेणारा त्याचा साहेब, दोघांचे 2500च. याहून समता ती काय हवी?

हा कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा लागत होता म्हणून. दुष्काळात खडी फोडणाऱ्याला कामाची हमी मिळाली, आणि ते उत्तमच झालं. पदवीधर पुरुषाला हमी एकच : पगार दहा हजारांपुढे गेला की 200 कापले जाणार. (बायकांना ही हमी पंचवीस हजारांपुढे.)

व्यवसाय कराची वर्षाला 250ची मर्यादा 2500वर न्यायला 1988 साली घटनादुरुस्ती करावी लागली. कॉलेजची फी वाढवायला तसलं काही लागत नाही.