नाना टोपी घालतात

जळगावात निवृत्त झालेला माणूस सकाळी मेहरुण तलावाला फेऱ्या मारतो आणि उरलेला दिवस कुणाच्या तरी ओट्यावर काढतो. आमच्या कॉलनीतले नाना टोप्या विणायला लागले. तेही मे महिन्यात.

पारा ४५ च्या पुढे, रस्त्यावर कुत्रं नाही, कूलरच्या टाकीत दर दोन तासांनी बादली ओतायची, आणि नाना बनियनवर, मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेले. ‘आत्ता धरलं तर संक्रांतीपर्यंत हात बसेल,’ हा त्यांचा हिशेब. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. काम मुदतीत होत नसतं, याची त्यांना अनुभवाने खात्री.

खरं तर नानी हे काम शाळेपासून जाणतात. दोन्ही मुलांची टोपरी त्यांच्याच हातची. पण नाना त्यांच्याकडे शिकले असते तर नाना कसले! ते मोबाइलवरच्या एका गोऱ्या बाईकडे शिकले. बाई ‘निट’ म्हणाली की नाना मोठ्याने ‘सुलट’ म्हणायचे, ‘पर्ल’ म्हणाली की ‘उलट’. नानी स्वयंपाकघरातून एवढंच म्हणायच्या, ‘टाका सुटला.’ न बघता. सुयांच्या आवाजावरून.

नानांना शास्त्र मात्र लगेच वश झालं. ८ नंबरची सुई १० नंबरच्या सुईपेक्षा जाड असते, यावर नवशिके गोंधळतात. नाना खूश झाले. म्हणाले, ‘अरे, हे तर तारेचं गेज!’ आणि ते खरंच आहे. सुयांचे हे नंबर तारेच्या गेजवरूनच आलेत. बाकी टोपी म्हणजे काय, बॉर्डरला एक सुलट एक उलट, मग वर चढत जायचं, आणि शेंड्याला दोन-दोन टाके एकत्र घेत घेर आवळत आणायचा. त्याआधी चार इंचांचा नमुना विणून इंचाला किती टाके बसतात ते मोजायचं असतं. इथे नानांचा स्वाभिमान आडवा येतो. हयातभर मापपुस्तकं भरलेला माणूस डोक्याला टेप कशाला लावेल? ते नजरेनं माप घेतात. हल्ली बोलताना ते तुमच्या डोळ्यांत बघत नाहीत, कपाळाच्या दोन बोटं वर बघतात. माझी पहिली टोपी हनुवटीपर्यंत उतरली. दुसरी वांग्याच्या देठासारखी टाळूवर बसली.

ओट्यावर कुणी ‘नाना, हे बायकी काम’ म्हणालं की त्याची धडगत नसते. ‘आसोदं कुठाय ठाऊक आहे ना? बहिणाबाईंचं माहेर. त्यांनी सुगरणीच्या खोप्याचं कौतुक केलं, पण खोपा विणतो नर! मादी फक्त येऊन पास-नापास करते.’ एवढं बोलून नाना नकळत स्वयंपाकघराकडे बघतात.

त्यांचा दुसरा हुकमी एक्का विलायतेचा. १५७१ मध्ये इंग्लंडात कायदाच झाला होता, की सहा वर्षांवरच्या माणसानं रविवारी आणि सणाच्या दिवशी लोकरीची विणलेली टोपी घालायची, नाहीतर दंड. टोपीवाल्यांचा धंदा जगावा म्हणून. बड्या लोकांना सूट होती आणि १५९७ मध्ये कायदा रद्दही झाला, हे नाना सांगत नाहीत. असा ठराव आपल्या महापालिकेनं करावा, ही त्यांची इच्छा. मी म्हटलं, ‘नाना, पतपेढ्यांत ठेवी अडकलेल्या गावात टोपी घालण्याची भाषा जरा जपून.’

हिवाळ्यात माल धुळ्याला नानांच्या बहिणीकडे जातो. तिथे एखाद्या पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, म्हणजे गिऱ्हाईक खात्रीचं. बहिणीनं पहिली टोपी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ‘दादा, हाई टोपी शे का थैली शे?’ नानांनी ती दाद धरली आणि आणखी चार पाठवल्या. केळीवाले पीकविम्यासाठी थंडीचा आकडा बघतात, नाना टोप्यांसाठी. केळीच्या घडांना पिशव्या घातलेल्या पाहून ते एकदा हळहळले. ‘बघ, ते कुरकुर करत नाहीत.’

जानेवारीत शेतात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती, कळण्याच्या पुऱ्या होत होत्या, आणि आम्ही वीस माणसं वीस मापांच्या टोप्यांत शेकत बसलो होतो. धुळ्याहून आलेल्या भाच्याला कढई उतरवायला फडकं सापडेना. त्यानं डोक्यावरची टोपी काढून कढईचा कान धरला. ती लोकर लुधियानाची, म्हणजे नावालाच लोकर, सगळं ॲक्रिलिक. खरी लोकर नुसती करपली असती, ही वितळली आणि कढईला चिकटून बसली.

सगळे गप्प. नानी पदर तोंडाला लावून पलीकडे वळल्या. नानांनी कढई उजेडात धरून नीट पाहिली.

‘चूक माझी,’ ते म्हणाले. ‘कपाशीच्या मुलखात राहून लुधियानाचा माल वापरला. आता सुती धागा आणतो.’

मग त्यांनी भाच्याच्या उघड्या डोक्याकडे बघितलं, कपाळाच्या दोन बोटं वर.

‘हलू नकोस.’