दरमहा एक रुपया दंड

शुद्धतेविषयी करवीरकरांइतका कर्मठ माणूस उभ्या महाराष्ट्रात सापडणार नाही, याची ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने तिन्हीसांजेस गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन उभे राहावे. तेथे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हशीची धार काढली जाते, धारोष्ण दुधाचा पेला पोराच्या ओठांना लागेपर्यंत बापाची नजर चरवीवरून ढळत नाही, आणि पाण्याचा एक थेंब मिसळल्याचा नुसता संशय आला तरी गवळ्याच्या सात पिढ्यांची कैफियत चव्हाट्यावर मांडली जाते. पेला रिता झाला म्हणजे तेच पितापुत्र दुचाकीवर स्वार होतात, आणि पुढच्या टेम्पोच्या नळकांड्यातून निघणारे काळेकुट्ट द्रव्य, ज्याच्या शुद्धतेची चौकशी करण्याची तसदी कोणी घेत नाही, महाद्वार रस्त्यापर्यंत यथेच्छ प्राशन करतात. त्यात पोराचा हिस्सा अधिक, कारण लहान जीव मोठ्यांपेक्षा श्वास भराभर घेतो.

या प्रकरणाची सरकारदप्तरी नोंद नाही असे मात्र कोणी समजू नये. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा विहित मर्यादा सातत्याने ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे नाव दाखल झाले (शेजारच्या सांगलीचेही झाले, याचेच वैषम्य आमच्याकडे अधिक). शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रस्ता अशा तीन ठिकाणी हवेचा जमाखर्च लिहिला जातो. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची वार्षिक मर्यादा आपल्या सरकारने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम ठरविली आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ वर आणली. म्हणजे जिनिव्हाच्या तज्ज्ञांना अभिप्रेत असलेल्या फुप्फुसापेक्षा कोल्हापुरी फुप्फुस चौपट दमदार असल्याचा सरकारी दाखलाच आपल्याला मिळाला आहे, आणि तालमींच्या या नगरीत त्यास हरकत कोण घेणार?

या कार्यक्रमाचा पैसा देशभर कोठे खर्ची पडला याचा हिशेब दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये मांडला, तेव्हा ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीच्या बंदोबस्तात गेली असून उद्योगांच्या धुरासाठी पुरता १ टक्काही उरला नसल्याचे निष्पन्न झाले. यात नवल ते काय? धूळ ही अत्यंत सोयीची आरोपी आहे. तिला संचालक मंडळ नसते, ती निवडणुकीस उभी राहत नाही, आणि झाडू मारला असता स्थगिती मागण्यास न्यायालयात धावत नाही.

न्यायालयात धावले ते वेगळेच लोक. २०१५ साली ‘अर्जुन गोपाल विरुद्ध भारत सरकार’ या दाव्यात सर्वोच्च न्यायालयापुढे तीन अर्जदार रुजू झाले, ज्यांचे वय सहा ते चौदा महिने होते, सबब सहीचे काम त्यांच्या वडिलांनी अ.पा.क. या नात्याने केले. फटाक्यांविरुद्ध ज्यांना अजून बोलता येत नव्हते त्यांनी दाद मागितली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात निकाल लागला की दिवाळीत फटाके कमी धुराचे असावेत व रात्री आठ ते दहा या वेळेतच उडवावेत. निकालाची प्रत कोल्हापुरासही पोचली असावी. परंतु आठ ते दहा म्हणजे सकाळचे की रात्रीचे याचा खुलासा बहुधा झाला नसावा, म्हणून येथे दोन्ही वेळा निष्ठेने पाळल्या जातात, व मधल्या वेळेत सराव चालतो. २०२० पासून ‘वॉरियर मॉम्स’ नावाने देशातल्या अनेक शहरांतील माताही मुलांच्या श्वासासाठी निवेदने देत आहेत.

मग आंदोलनाची ही पंढरी का गप्प आहे? टोलविरोधी लढ्यात एन. डी. पाटलांसारखा वयोवृद्ध नेता रस्त्यावर उतरला होता, २०१४ च्या जानेवारीत नाके जळाले आणि अखेर टोल रद्द झाला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी चार दशकांहून अधिक काळ झुंजून २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच पदरात पाडून घेतले. अडचण एवढीच की टोलनाका डोळ्यांना दिसत होता आणि तो परक्याचा होता; हवेच्या बाबतीत शोध घेत जावे तर एकेक आरोपी घरचाच निघतो. तोडणी लवकर उरकावी म्हणून उभा ऊस पेटविणारे मामा, मागे राहिलेल्या पाचटाला काडी लावणारे चुलते, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीची भट्टी चालविणारे दाजी, आणि कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर धुमसणारा कचरा, जो आपण सर्वांनी मिळून पाठविलेला असतो. कृती समिती स्थापन झालीच तर तिला पहिला घेराव दिवाळीच्या फराळाच्या पंगतीत घालावा लागेल.

तूर्त शाळेच्या दारापुरता एक उपाय सुचवितो. पोर सुटेपर्यंत गाडीचे यंत्र धडधडत ठेवून आत गारव्यात बसणारे आईबाप, आणि बाहेर नळकांड्याच्या उंचीवर नाक आलेली दुसऱ्यांची पोरे, हे दृश्य नित्याचे आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलांस शाळेत न धाडणाऱ्या पालकांवर दरमहा एक रुपया दंड बसविला होता. तेच फर्मान किंचित फेरफार करून पुन्हा जारी करावे: शाळेच्या फाटकासमोर गाडी चालू ठेवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड.

त्याची जाहीर नोटीस चिकटण्याचा अवकाश, सायंकाळच्या आत सर्वपक्षीय पालक दंडविरोधी कृती समितीची रीतसर स्थापना होईल, निमंत्रकपदावरून दोन गट पडतील व मध्यरात्री त्यांची दिलजमाई होईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दसरा चौकातून बिंदू चौकापर्यंत भव्य मोटारसायकल रॅली निघेल, जिच्यात सहकुटुंब सामील होणाऱ्यांना पेट्रोलची चिठ्ठी समितीच्या कार्यालयात विनामूल्य मिळेल.