श्री. आणि सौ. यांच्या मध्ये कोण?

सिविल लाइंसमधल्या मराठी घरात पंचाहत्तरी निघाली की आधी निमंत्रणांची यादी निघते. आमच्या काकांची निघाली, तेव्हा पुतण्या म्हणाला, "पाकिटं हातानं कोण लिहितं आता? एक साचा करू, नावं आपोआप पडतील." त्याने साच्यात @नाव@ आणि @पत्ता@ अशा जागा ठेवल्या आणि मजकूर शोधून बदलणाऱ्या 'सेड'ला कामाला लावलं. १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये जन्मलेला हा प्रोग्राम काकांहून वयाने लहान, हट्टाने मोठा.

पहिलं पाकीट आलं: 'श्री. @नाव@ सौ. जोशी'.

काकूंनी चष्मा पुसला. "अरे, या दोघांच्या मध्ये हा कोण बसलाय?"

यादीत होतं 'श्री. & सौ. जोशी'. सेडच्या लेखी नव्या मजकुरातला & म्हणजे 'जे सापडलं तेच पुन्हा लिही'. सापडलं होतं @नाव@, तेच त्याने इमानेइतबारे जोशी दांपत्याच्या मध्ये बसवलं. "मग 'व' लिहायला काय झालं होतं?" काकू म्हणाल्या. याला उत्तर नव्हतं.

पुढे पत्ता: '४१२/३, सिविल लाइंस'. तिरकी रेघ दिसली की सेड समजतो, मजकूर संपला. पुढचं '३, सिविल लाइंस' त्याला हुकूम वाटलं. हुकूम कळेना, म्हणून त्याने कामच थांबवलं. आमच्या भागात रेघेशिवाय घर नंबर शोधून दाखवावा!

समारंभ झाला. न्यू जर्सीच्या भाच्याने $१०१ भेट पाठवली. आभारपत्राचा प्रोग्राम पुतणीने जावा या संगणकभाषेत लिहिला होता. तिथे बदली मजकुरात $पुढे आकडा आला की तो 'शोधातला अमुक क्रमांकाचा गट' ठरतो. जावा म्हणाली, एक नंबरचा गटच नाही. डॉलर आले, आभार अडले.

उपाय आहेत. सेडमध्ये & आधी \ लावा, पण मजकुरात मुळातलाच \ असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, नाहीतर तुम्ही लावलेले \सुद्धा दुप्पट होतील. रेघेऐवजी दुसरं विभाजक चिन्ह चालतं. जावात २००४ पासून यासाठीच 'क्वोटरिप्लेसमेंट' ही सोय आहे. पायथन भाषेच्या 'टेम्प्लेट'मध्ये तर भरलेला मजकूर पुन्हा तपासलाच जात नाही. फक्त साच्यातला खरा $ दोनदा लिहायचा.

तेव्हा साचे करणाऱ्यांनो, लोकांनी दिलेला मजकूर हा मजकूरच आहे, हुकूम नव्हे, हे यंत्राला आधी बजावा. आणि चाचणीसाठी 'अबक' लिहू नका; &, / आणि $ असलेला एखादा खरा पाहुणा घ्या.