तोटीअण्णा

ओरत्तनाडूच्या एका घराच्या पडवीत बसून मी रवीची मापं घेत होतो. रवी ताक घुसळायची, साधी लाकडी, सव्वा फुटाची, तीन पिढ्यांच्या हातांनी दांडा काळाभोर झालेला. माप जायचं होतं न्यू जर्सीला, व्हॉट्सॲपवरून. दांड्याचा व्यास किती, टोकाला चीर आहे का, वरच्या फुलाचं वजन किती. वजन करायला मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन आलो. त्याने रवी तोलली, पैसे घेतले नाहीत आणि मी निघेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

"पण कशाला बसवणार म्हणालात?" घरमालकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नळाला. मूठ म्हणून."

"पाण्याच्या?"

"बीअरच्या."

घरमालक म्हणजे न्यू जर्सीच्या तोटीअण्णांचे चुलतभाऊ. त्यांच्या मराठीची चाल तमिळ आणि शब्द आपल्या पणजोबांच्या वेळचे, त्यामुळे ते काही बोलले की आधी कान वळायचा आणि मग अर्थ लागायचा. या वेळी ते काही बोललेच नाहीत. आत जाऊन त्यांनी कॉफी आणली. दबऱ्यातून पेल्यात, पेल्यातून दबऱ्यात, हातभर उंचीवरून अशी तीनदा धार धरली आणि पेला माझ्यापुढे ठेवला. वर दोन बोटं फेस. हलका, घट्ट, न मोडणारा. तसाच फेस यावा म्हणून तोटीअण्णांनी बारा वर्षं आणि वहिनी सांगत नाहीत इतके डॉलर घातलेत.

तोटीअण्णा हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ते एकटेही नाहीत. प्रत्येक गावच्या मराठी मंडळात या जातीचा एक तरी माणूस असतो. आमच्या लहानपणी तो टेपरेकॉर्डर बाळगायचा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हेड पुसायचा आणि गाणं लावायची वेळ आली की म्हणायचा, "थांबा, अजून वाळलं नाही." पुढे त्याने कॅमेरा घेतला आणि भिंगावरची बुरशी या विषयावर बोलू लागला. आता तो परदेशात स्थायिक झालाय, मुलं शिकून बाहेर पडलीत आणि तळघर रिकामं आहे. रिकाम्या तळघरात एक जुना फ्रिज, त्यात बीअरची टाकी, शेजारी कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं, फ्रिजच्या डोक्यावर चकचकीत खांब आणि खांबाला तीन तोट्या. याला बीअरची सोय म्हणणं म्हणजे देव्हाऱ्याला फडताळ म्हणणं.

अण्णा मूळचे ओरत्तनाडूचे. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला 20-25 किलोमीटरवरचं हे गाव. व्यंकोजीराजांबरोबर आपली माणसं तिकडे गेली, ती तिकडचीच झाली. (सांबाराची गोष्ट सांगत नाही, ती तुम्हाला पाठ आहे.) गावात दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेलं छत्र आहे, रथाला जुंपल्यासारखे दगडी हत्ती-घोडे असलेलं. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तिथे जेवण मिळायचं. 1801 साली सरफोजींनी कंपनी सरकारला या छत्रांबद्दल पत्र लिहिलं, त्यात सांगितलंय की मध्यरात्री घंटा वाजवून, दिवसभरात कुणी उपाशी राहिलं असेल तर त्याला बोलावून वाढत असत. अण्णांचे खापरपणजोबा याच छत्रात ताक वाढायचे. निदान अण्णांचं म्हणणं तसं आहे. "आदरातिथ्य आमच्या रक्तात आहे," असं ते म्हणतात. आपण तेव्हा रिकामा ग्लास हातात घेऊन पाऊण तास उभे असतो.

कारण अण्णा आधी तोटी समजावून सांगतात.

पहिली तोटी त्यांना सगळ्या सामानाबरोबर फुकट आली होती. पितळी, वर क्रोमचा मुलामा. वर्षभरात मुलामा आतून झिजला आणि बीअरला नाणं चोखल्यासारखी चव येऊ लागली. विक्रेत्याने टाकी बदलायला सांगितली, मित्रांनी बीअर बदलायला सांगितली. अण्णांच्या आई तेव्हा सहा महिन्यांसाठी तिकडे आल्या होत्या. त्यांनी तोटीच्या तोंडात बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाल्या, "कल्हई गेलीय. कळकणारच." ज्या बाईने जन्मात बीअर पाहिली नव्हती, तिने एका शब्दात निदान केलं. चिंचेचं सार बिनकल्हईच्या पातेल्यात ठेवलं की होतं तेच. बीअर आंबट, पीएच चार-साडेचार, आणि आंबटाचं पितळेशी कधीच जमलेलं नाही. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी 304 नंबरच्या स्टेनलेस स्टीलची तोटी मागवली. मला विचाराल तर या विषयावर आणखी कुणी काही बोलायची गरज तिथेच संपली होती.

पण स्टीलची तोटीही मागे बंद होणारी निघाली. म्हणजे मूठ ढकलली की आतला दांडा मागच्या बाजूला भोक बंद करतो आणि पुढच्या पोकळीत घोटभर बीअर राहते. तिला हवा लागते, ती वाळते आणि गुलाबजामच्या पाकासारखी चिकट होते. बारमध्ये दिवसाला शंभर ग्लास भरतात, तिथे वाळायला फुरसत नसते. अण्णांकडे पाहुणा येतो शनिवारी. तोवर मूठ अशी घट्ट बसायची की एकदा एका जावईबापूंनी ओढली आणि खांबासकट हातात आली. मग आली पुढे बंद होणारी तोटी, मिलवॉकीच्या पर्लिक कंपनीची. कंपनी 1917 पासूनची, हे अण्णा घराण्याची वंशावळ सांगावी तसं सांगतात. यात झडप अगदी तोंडाशी, आत हवा शिरत नाही, काही वाळत नाही, मूठ बोटाने हलते. घरी तोटी बसवणाऱ्याने दुसरी घेऊ नये, हे मीही मान्य करतो. पंधरा दिवसांतून एकदा पाहुणा बोलावणाऱ्याचा प्रश्न त्या एका झडपेने सुटतो.

प्रश्न सुटला की माणसाने थांबावं. अण्णा थांबले नाहीत. खांबावरची दुसरी तोटी बाजूला छोटी कळ असलेली, धार लहानमोठी करायची. तिसरी काळ्या स्टाउट बीअरची. तिच्या पोटात बारीक भोकांची चकती असते, कार्बन डायऑक्साइडबरोबर तिप्पट नायट्रोजन लागतो आणि दाबही दुपटी-तिपटीने. स्टाउट त्यांच्याकडे कुणीच पीत नाही, म्हणून त्या तोटीतून आता गार कॉफी येते. हे मी ओरत्तनाडूत सांगितलं नाही. पाहुणचार घेतलेल्या घरी असं बोलू नये.

अण्णा स्वतः किती पितात? अर्धा पेला. डॉक्टरांनी साखर सांगितलीय. अमेरिकेत घरी बीअर करायला जिमी कार्टर यांनी 1978 साली सही करून परवानगी दिली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलनांची मुभा आहे, म्हणजे साडेसातशे लिटर. वहिनींनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "त्यात शंभर माझे ना? मग मला त्या शंभरांचा फ्रिज रिकामा करून द्या, लोणच्याच्या बरण्या ठेवायच्यात."

तामिळनाडूत असते तर हा संसार उभाच राहिला नसता. तिथे 2003 पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी टास्मॅकच्या दुकानांतून होते, आणि दुकानाबाहेरच्या रांगेत कुणी तोटीच्या झडपेवर चर्चा करत नाही. आपल्याकडेही पुण्यात 2009 साली दूलाली ब्रुअरीने ताजी बीअर काढायला सुरुवात केली, तेव्हा लोक ती प्यायला गेले. तोटी कुठली, हे विचारायला गेलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

आता स्वच्छता. दर चौदा दिवसांनी नळ्या दोन टक्के कॉस्टिकच्या पाण्याने धुवायच्या आणि तोट्या पूर्ण उघडून घासायच्या, असा तिकडच्या बीअरवाल्यांच्या संघटनेचा दंडक आहे. चौदा दिवस अण्णांच्या लक्षात राहीनात. मग त्यांनी आईचं पंचांग काढलं आणि एकादशी धरली. त्या दिवशी घरात तशीही कुणी पीत नाही. चौदाचे पंधरा होतात, तो एक दिवस अण्णा देवाच्या खाती टाकतात.

एकादशीला अण्णा सोवळ्यात असल्यासारखे वागतात. जुनं धोतर पंच्यासारखं पसरलेलं, त्यावर स्टीलचं ताट. खास पाना घेऊन ते तोटीचं कडं फिरवतात, तेही उलट्या दिशेने. सगळ्या जगात डावीकडे फिरवलं की सैल होतं, इथे समोर उभं राहून उजवीकडे. आटे मागच्या बाजूने चढतात म्हणून. हे ठाऊक नसलेल्या एका हौशी पाहुण्याने मदत करायला म्हणून कडं असं काही आवळलं की ते सोडवायला प्लंबर आणावा लागला, आणि तासाला दीडशे डॉलर घेणाऱ्या त्या प्लंबरलाही अण्णांनी आट्यांची दिशा समजावून सांगितली. त्याने तो वेळही बिलात धरला.

मग दांडा, झडप, रबरी कड्या ताटात ओळीने. तोटीच्या नरड्यात बारीक ब्रश. आत खरवडीसारखा पांढुरका थर असतो, त्याला बीअरस्टोन म्हणतात. बंबाच्या तळाला क्षार धरतो त्याचाच भाऊ, पण हा साध्या कॉस्टिकला दाद देत नाही, त्याला तीन महिन्यांतून एकदा ॲसिड लागतं. कड्यांना खाण्यात गेलं तरी चालेल असं ग्रीस, तेही नखावर मावेल एवढं. शेवटी तोंडाला बुचं, चिलटं आत जाऊ नयेत म्हणून. हे सगळं करताना अण्णांचा चेहरा शांत असतो. बीअर ओतताना तो तसा नसतो.

बीअर ओतताना ते आपल्या हाताकडे बघत असतात. ग्लास पंचेचाळीस अंशांत तिरका. तोटीचं तोंड फेसात बुडवायचं नाही. आणि मूठ एका झटक्यात पूर्ण ओढायची. नवखा माणूस भिडस्तपणे अर्धी ओढतो. अर्ध्या उघड्या झडपेतून बीअर फाटत येते आणि ग्लासभर नुसता फेस होतो. "भीड नको!" अण्णा ओरडतात. "बारा पीएसआय आहे, दहा फूट नळी आहे, साडेतीन डिग्री आहे, सगळं तुमच्यासाठी मोजून ठेवलंय, आणि तुम्ही अर्धी ओढता?" पाहुणा ग्लासभर फेस घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. मी तिथे बाप-लेकांच्या दोन जोड्या शेजारीशेजारी फेस पिताना पाहिल्या आहेत.

तर रवी. मी ती दोन लुंग्यांत गुंडाळून नेली. कस्टमच्या माणसाने ती उलटसुलट करून विचारलं, हे काय? मी म्हटलं, बीअरची मूठ. त्याला चटकन पटलं. ताक समजावून सांगावं लागलं असतं तर वेळ गेला असता.

अमेरिकेत तोटीच्या मुठीचे आटे तीन अष्टमांश इंची, इंचाला सोळा. अण्णांनी दांड्याच्या टोकाला भोक पाडून त्यात पितळी नट बसवला, भोक पाडताना डोळे मिटले आणि शनिवारी संध्याकाळी रवी मधल्या तोटीवर उभी केली. फूल वर, दांडा खाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या रात्री पहिल्यांदाच सगळ्यांना वेळेवर बीअर मिळाली, कारण अण्णा रवीकडे बघत होते, आमच्याकडे नाही.

ओरत्तनाडूच्या वाण्याकडे फुलाचं वजन करून मी कळवलं होतं. अण्णांनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण पुढे बंद होणाऱ्या तोटीची मूठ बोटाने हलते, आणि सव्वा फूट उंचीवर डोकं जड असलं की तिला बोटाचीही गरज उरत नाही. पाहुणे गेले. दिवे मालवले. कधीतरी फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, खांब थरथरला आणि रवी सावकाश पुढे वाकली. पूर्ण. भीड न बाळगता.

पाऊण वाजता तळघरातला पाण्याचा अलार्म वाजला. टाकीत सोळा-सतरा लिटर शिल्लक होते, ते जमिनीवर आले होते. वहिनी आधी जाग्या झाल्या. त्यांनी जिन्यावरून खाली पाहिलं आणि अण्णांना हलवून म्हणाल्या, "उठा. घंटा झाली, तुमचं छत्र उघडलं."

मुठीला मागे ओढून धरणारी स्प्रिंग मिळते, सात-आठ डॉलरला. अण्णांनी तीन मागवल्या आणि आता ते स्प्रिंगवर बोलतात. रवी मात्र वहिनींनी वर नेली. टोकातला पितळी नट तसाच आहे, पण घुसळायला त्याची अडचण होत नाही. बोलावणं आलं तर नाही म्हणू नका, माणूस लाख आहे. फक्त निघण्यापूर्वी एकादशी नाही ना ते बघा, आणि तहान फार असेल तर तळघरात उतरण्याआधी स्वयंपाकघरात ताक मागा. लगेच मिळतं.