ताई, तुम्ही कोणत्या साली दिलीत?

अमेरिकेत नर्स व्हायचं तर एनक्लेक्स पास व्हावं लागतं. परीक्षा मुंबईत बसूनही देता येते. आयसीयूत रात्रपाळ्या काढलेल्या मुलीला विचारा, यात सगळ्यात जड काय जातं? ती औषधांचे डोस सांगणार नाही, हृदयाचे झटके सांगणार नाही. ती सांगेल, सल्ले.

एक सीनिअर म्हणते, रोज दीडशे प्रश्न सोडव. दुसरी म्हणते, पन्नासच सोडव, पण प्रत्येकाचं स्पष्टीकरण वाच. क्लासवाले सर म्हणतात, आधी जाडं पुस्तक संपव. ह्यूस्टनची मामेबहीण म्हणते, पुस्तकाला हात लावशील तर खबरदार! आणि या सगळ्या पास झालेल्या, हीच खरी पंचाईत. पास झालेली बाई आपण जे केलं त्यालाच रामबाण म्हणते. तेच सगळं करून नापास झालेली गप्प बसते, आणि तिला कुणी विचारायलाही जात नाही.

बरं, यातले बरेच सल्ले खोटे नसतात, शिळे असतात. 2020च्या आधी परीक्षेत किमान 75 आणि कमाल 265 प्रश्न असत. 1 एप्रिल 2023पासून किमान 85, कमाल 150, वेळ पाच तास. तरी ‘75ला बंद पडली की पास’ हा मंत्र अजून चालूच आहे. मुळात तो तेव्हाही चूक होता. आपण पासाच्या रेषेच्या वर आहोत की खाली, याची 95 टक्के खात्री पटली की संगणक थांबतो. लवकर थांबला म्हणजे त्याचं मत लवकर पक्कं झालं, एवढंच. कोणत्या बाजूने, ते तो सांगत नाही.

‘लागू पडतील ते सर्व पर्याय निवडा’ या प्रश्नाचंही तसंच. पूर्वी सगळे बरोबर तरच गुण, म्हणून ‘शंका आली तरी टिक कर’ असं म्हणणं खपून जायचं. 2023पासून बरोबर टिकेला एक गुण मिळतो आणि चुकीच्या टिकेला एक कापला जातो. उदार मनाने टिका मारणाऱ्या ताईंनी आता जरा हात आखडता घ्यावा.

सर्वांत लाडका सल्ला म्हणजे ‘डॉक्टरांना कळवा, हा पर्याय कधीच निवडायचा नाही.’ कधीच? प्रसूतीत नाळ बाळाच्या आधी खाली आली तर आधी हातमोजा घालून बाळाचं डोकं नाळेवरून वर उचलून धरायचं, हे खरं. पण पायाला प्लास्टर आहे, इंजेक्शन देऊनही दुखणं थांबत नाही, बोटं बधिर झालीत, तर डॉक्टरांना ताबडतोब कळवायचंच. तिथे ताईंचं सूत्र धरून बसलं तर कागदावर गुण जातो आणि वॉर्डात पाय.

परीक्षा झाल्यावर तरी सल्ले थांबावेत? छे! निकालाआधी पुन्हा नोंदणी करून बघ म्हणे; नोंदणी नाकारली गेली तर तू पास. नोंदणी नाकारल्यावर पेढे वाटायची ही बहुधा एकमेव परीक्षा असावी. आणि नोंदणी झाली तर? पैसे गेले, वर रात्रभर रडणं.

म्हणून मुलींनो, सल्ला देणाऱ्या प्रत्येकीला आधी साल विचारा. मग परीक्षा घेणाऱ्या संस्थेने स्वतः छापलेला आराखडा काढून ताडून पाहा. तो दर तीन वर्षांनी नवा निघतो आणि फुकट मिळतो. फुकट म्हणूनच कदाचित त्याची किंमत नाही. प्रश्न किती सोडवायचे ते मात्र आपल्या चुका मोजून आपणच ठरवावं. ह्यूस्टनहून तुमच्या चुका दिसत नाहीत.

नापास झालात तर किमान 45 दिवस थांबायचं, पुन्हा 200 डॉलर नोंदणीचे आणि अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी वर 150 डॉलर भरायचे. सल्ला देणाऱ्यांना यातला एकही डॉलर भरावा लागत नाही.