गाण्यांचा तिसरा टप्पा

दोन दिवसांच्या सहलीला साड्या किती, ड्रेस किती आणि घाटात लागणारी गोळी कुणाच्या पर्समध्ये, हे ठरवायला बायकांना वेळ लागत नाही. वेळ लागतो तो गाणी ठरवायला. अलोऱ्याच्या शाळेत एकाच बाकाच्या आगेमागे वाढलेल्या आम्ही पाचजणींनी कोल्हापूरला जायचं काढलं, तेव्हा राहायची जागा चहा संपायच्या आत ठरली, गाडी दुसऱ्या चहाला, आणि गाण्यांची यादी मात्र निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत शिजत राहिली. खरं तर फोनमध्ये जगातली सगळी गाणी असतात. पण सगळी असली की एकही आपलं राहत नाही, म्हणून यादी लागते.

अलोरे म्हणजे चिपळूण तालुक्यातलं, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं गाव. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याने त्याला नकाशावर ठळक केलं. धरण घाटमाथ्यावर, देशावर. पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून इकडे कोकणात उतरतं. पोफळीला त्याची वीज होते, मग ते कोळकेवाडीच्या धरणात थांबतं आणि तिथून खाली पडताना अलोऱ्याच्या वीजगृहात 80 मेगावॉटचे चार संच पुन्हा फिरवतं. एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरायचं, हाच आमच्या गावाचा धंदा. त्या धंद्यापायी वसाहत उभी राहिली आणि राज्यभरातून माणसं बदलीवर आली. क्वार्टरच्या एकाच रांगेत वऱ्हाडी ठेचा, सातारी कांदा-लसूण मसाला आणि मालवणी तिरफळं यांचे वास एकमेकांच्या अंगणात जात, तशीच गाणीही जात. एका घरी रत्नागिरी केंद्र, शेजारी सांगली, पलीकडे विविध भारती. बुधवारी रात्री आठला मात्र सगळ्या खिडक्यांचं एकमत व्हायचं. रेडिओ सिलोनवर अमीन सायानी बोलू लागले की पाऊस पत्र्यावर आणि खरखर रेडिओवर, अशा दुहेरी सरीतून गाणं आमच्यापर्यंत पोचायचं. शिकवणीहून परतताना रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं, तर एक आख्खं गाणं न थांबता ऐकता यायचं. मुखडा बाबूंच्या घरी, अंतरा वायरमनकाकांच्या आणि शेवट ओव्हरसिअरांच्या पडवीत.

पुढे टेपरेकॉर्डर आला आणि ‘कॅसेट भरून घेणं’ हा सोहळा सुरू झाला. रेघांच्या वहीच्या पानावर गाणी लिहून ते पान चिपळूणच्या दुकानात द्यायचं आणि आठवड्याने भरलेली कॅसेट आणायची. साठ मिनिटांची, म्हणजे ए साइडला अर्धा तास, बी साइडला अर्धा तास. अर्ध्या तासात सहा गाणी नीट बसत, सातवं अंतऱ्यातच कापलं जाई. 1990 साली ‘आशिकी’ आला, तेव्हा त्यातलं एक गाणं आम्ही असंच दोन तृतीयांश मिळवलं. उरलेलं एक तृतीयांश मी मनानेच पूर्ण केलं होतं आणि कैक वर्षांनी खरा शेवट ऐकला तेव्हा माझाच बरा वाटला. ज्यांच्याकडे दुकानापुरते पैसे नसत, ते रेडिओसमोर टेप ठेवून, घरच्यांना दम भरून, थेट उतरवून घेत. माझ्याकडच्या एका कॅसेटमध्ये ‘जैत रे जैत’मधल्या ठाकरवाडीच्या ढोलावर आमच्या कुकरची शिट्टी आहे. ती इतकी तालात येते की हृदयनाथांनीच ती तिथे घातली असावी, असं मला शाळा सुटेपर्यंत वाटत होतं. आता फोनवर ते गाणं लखलखीत ऐकू येतं, पण त्या जागेवर मी दर वेळी किंचित थांबते. शिट्टी होत नाही. भात कच्चा राहिल्यासारखं वाटतं.

त्यामुळे यादी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावरच आमचं जुंपलं. डोंबिवलीकरणीचं म्हणणं, नाचता येतील अशीच गाणी घ्या. तिचे गुडघे हे ऐकून नक्कीच दचकले असतील. साताऱ्याची म्हणाली, पहाटे निघायचंय तर आधी अभंग हवेत. नागपूरला दिलेलीने ‘मैंने प्यार किया’ची सगळीच्या सगळी गाणी पाठवली आणि खाली लिहिलं, यातलं एकही काढलंत तर मी येत नाही. अलोऱ्यातच राहिलेली आमची एक मैत्रीण चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी तिने एवढंच लिहिलं, “अगं, ती सकाळची आकाशवाणीची धून मिळेल का गं? केंद्र सुरू व्हायच्या आधीची?” मिळाली. युरोपातून मुंबईत आश्रयाला आलेल्या वाल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराची ती रचना. त्या बिचाऱ्याला कुठे माहीत असणार, की त्याच्या तंबोऱ्यावर आणि व्हायोलिनवर कोकणातल्या एका वसाहतीतल्या मुली वेण्या घालणार आहेत! ती धून यादीत पहिली लागली. त्याबद्दल मात्र कुणी हूं की चूं केलं नाही.

माझ्या मुलीने यादी चाळून विचारलं, “आई, तुम्ही फिरायला चाललाय की कुणाला भेटायला, समाचाराला?” तिचं चुकत नव्हतं. भावगीतांच्या पिढीने आनंदाच्या प्रसंगासाठीही विरहच जमवून ठेवलेला असतो. मी तिला म्हटलं, आमच्या काळी सुखही जरा हळू आवाजात लावायचे. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच दोन उडत्या चालींची गाणी वाढवली.

कोल्हापूरच का, तर तेही गाण्यामुळेच. भालजी पेंढारकरांचा 1965 चा ‘साधी माणसं’ वसाहतीत पडद्यावर पाहिला होता. खेड्यातलं लोहार जोडपं कोल्हापूरला येतं आणि शहर त्यांना हातोहात फसवतं, अशी गोष्ट. संगीत ‘आनंदघन’ या नावामागे लपलेल्या लताबाईंचं आणि त्यातलं भात्याचं गाणं जगदीश खेबूडकरांचं. पेशाने शिक्षक असलेल्या माणसाने लोहाराच्या भात्याला असं बोलतं केलं, याचं आमच्या मराठीच्या बाईंना फार कौतुक. शहर फसवतं, हे त्या सिनेमाने सांगितलं तरी आम्हाला त्यातून एवढंच कळलं, की कोल्हापूर नावाचं शहर आहे आणि तिथे जाता येतं. जायला मात्र पन्नाशी उजाडली.

निघालो तेव्हा यादी तयार, गाडीचा स्पीकर तयार, आणि चालक चिपळूणचा, विशीतला पोरगा. आकाशवाणीची धून संपेपर्यंत सगळ्या शहाण्यासारख्या गप्प होत्या. शिरगाव गेलं, पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला आणि तोंडंही सुरू झाली. एकीने गाण्याच्या पहिल्या ओळीवर म्हटलं, “हे गाणं लागलं होतं तेव्हा तुझ्या बाबांची बदलीची ऑर्डर आली होती बघ.” मग ती बदली, तो ट्रक, ट्रकमध्ये चढायला तयार नसलेली गाय, गायीमागे धावणारे हेडक्लार्क. तेवढ्यात चार गाणी निघून गेली. नंतरही तेच. आठवडाभर भांडून मिळवलेल्या गाण्यांपैकी एकही कुणी पुरतं ऐकलं नाही. दोन-चार सुरांत गाणं आपलं काम करून जायचं आणि पुढचं बोलणं आम्ही करायचो.

पाटणच्या पुढे पोराने आरशात बघत विचारलं, “मावशी, आता माझं एक लावू का?” लावलं. धडधड सुरू झाली आणि तिच्याखालून हळूच डोकं वर काढलं ते आमच्याच ‘आशिकी’तल्या चालीने. पोराला ते नवं गाणं वाटत होतं. आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. उलट पाचही जणी एका सुरात गायला लागल्या आणि तो चकित झाला, की या मावश्यांना हे कसं पाठ! तेव्हा मला कोयनेचं पाणी आठवलं. पोफळीला एकदा फिरतं, अलोऱ्याला दुसऱ्यांदा, आणि मग वाशिष्ठीतून जाऊन चिपळूणच्या नळाला येतं. दोनदा वीज काढून झाली म्हणून त्या पाण्याने तहान भागायची राहत नाही.

तुम्हीही जुन्या मैत्रिणींबरोबर कुठे निघणार असाल तर गाण्यांची यादी जरूर करा, मनसोक्त भांडून करा, आणि ती कुणी ऐकणार नाही हे धरून चाला. एक गाणं गाडी चालवणाऱ्याचंही घ्या. आणि सगळी गाणी घरूनच फोनवर उतरवून घ्या. कुंभार्ली घाटात रेंज जाते.