लॉर्ड्सवरची निळी जर्सी

'देवळाली कॅम्प, जुन्या बंगल्यातला माल' एवढं लिहिलं की ऑनलाइन जाहिरातीत निम्मा इतिहास आपोआप सिद्ध होतो. मग माळ्यावरच्या कुठल्याही हॉकी स्टिकला १९३६चं बर्लिन आठवतं. ध्यानचंद लष्करात होते, कॅम्पही लष्कराचा. आणखी पुरावा काय मागता?

पण खरा मान निळ्या जर्सीचा. '१९८३ची फायनल, कपिलदेवनं घातलेली, किंमत बोलून ठरवू.' आता २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर दोन्ही संघ पांढऱ्या कपड्यांत खेळले. विश्वचषकात रंग आला तो १९९२मध्ये. म्हणजे कपिलनं नऊ वर्षं आधीच जर्सी शिवून, पांढऱ्या शर्टाखाली लपवून घातली असणार. वर चौदाही खेळाडूंच्या सह्या, एकाच पेनानं, एकाच वळणाच्या. संघभावना म्हणतात ती हीच! सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र. दिलंय कुणी? विकणाऱ्यानंच. (स्वतःच्या मुलाला स्वतःच चारित्र्याचा दाखला द्यावा, तसं.)

सहीचा जवळून फोटो मागितला, तर उत्तर आलं, 'दादा, घ्यायचं तर सांगा, पुण्याची पार्टी ॲडव्हान्स घेऊन बसलीय.' पांढऱ्या कपड्यांचं विचारल्यावर मात्र विकणाऱ्यानं ताबडतोब जाहिरात दुरुस्त केली: 'फायनलच्या आदल्या दिवशीची, सरावाची जर्सी.' किंमत दोन हजारांनी वाढवून.